कॉफीच्या आधीचे

तुर्की भाषेत न्याहारीला 'काहवाल्ती' म्हणतात. 'काहवे' म्हणजे कॉफी, आणि 'आल्त' म्हणजे खालचा भाग. कॉफी पोटात जाण्यापूर्वी तिच्याखाली जो थर द्यायचा, तो काहवाल्ती. गंमत अशी की, जिच्यावरून हे नाव पडले ती कॉफी त्या न्याहारीत आता बहुधा नसतेच. कॉफी यायची येमेनमधून. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख उस्मानी साम्राज्याच्या हातून गेला, कॉफी महागली, आणि तुर्कांनी काळ्या समुद्राकाठी रिझे प्रांतात चहाचे मळे वाढवले. 1947 साली तिथे चहाचा कारखाना निघाला. आज ते लोक चहा पितात आणि नाव कॉफीचे घेतात. आपण 'चहाला या' असे म्हणून पोह्यांची बशी पुढे करतो, त्यातलाच हा प्रकार!

हे सारे ज्ञान मला वर्ध्यात घरबसल्या मिळाले, ते धाकट्या मुलीच्या कृपेने. ती दोन वर्षे इझमिर शहरी नोकरीला होती. गेल्या मार्गशीर्षात परतली, ती बॅगेत काळी जैतुनाची फळे, कमरेत बारीक असलेले सहा काचेचे पेले आणि डोक्यात ही काहवाल्ती घेऊन.

तुम्ही म्हणाल, वर्ध्याच्या माणसाला न्याहारीसाठी तुर्कस्तानाकडे बघण्याची गरज काय? गरज तशी नव्हती. तर्री-पोहे आहेत, आलुबोंडा आहे, थंडीत सांबारवडी आहे. पण आमच्याकडची न्याहारी हे उभ्याने करायचे काम आहे. पोहे गरम हवेत, बोंडे कढईतून थेट बशीत पडायला हवेत. म्हणजे खाणारे बसलेले आणि एक कुणीतरी शेगडीपाशी उभे. आमच्या घरी हे 'कुणीतरी' पन्नासाहून अधिक वर्षे अक्का होती.

अक्का माझी थोरली बहीण. चोविसाव्या वर्षी कुंकू पुसून आर्वीकडच्या खेड्यातून आमच्या घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिने चूल पेटवली. माझी पत्नी शाळेत शिकवायला सातला बाहेर पडायची, मी कचेरीत, मुले शाळेत. सगळ्यांना वाढून झाले की अक्का उरलेले निवालेले पोहे कढईतच खायची. तिला बस म्हणून सांगणे कुणाला सुचत नसे असे नाही. पण सांगून उपयोग नसे.

गेल्या पावसाळ्यात तिचा हात थरथरला आणि तेलाची कढई कलंडली. भाजणे फार नव्हते, पण वय ब्याऐंशी. डॉक्टरांनी शेगडीपाशी उभे राहायला साफ मनाई केली. न्याहारी पत्नीने हाती घेतली, आणि त्या दिवसापासून अक्काचे सकाळचे खाणे सुटले. "भूक नाई, बाप्पा," एवढेच बोलायची. एकदा मी फारच आग्रह केला तेव्हा म्हणाली, "भाऊ, आयतं बसून खाले मी काय पाहुनी आहो?" तीन महिन्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

धाकटीने पहिल्या रविवारी टेबल मांडले. खारवलेले पांढरे पनीर, काकडी, टोमॅटो, जैतुने, साय आणि मध, वाटलेले तीळ आणि त्यावर पातळ गूळ, एका बाजूला पावाची चळत. सारे एकदम, छोट्या छोट्या बश्यांतून. दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नानानंतर फराळाची ताटे मांडतो ना, अगदी तसे. त्या सकाळी कुणी चुलीशी नसते, कारण रांधणे आधीच्या आठवड्यात झालेले असते. तुर्कांनी ही सोय रोजची करून ठेवली आहे. चहाची भानगड तेवढी वेगळी. एकावर एक दोन किटल्या; खालच्यात उकळते पाणी, वरच्यात गडद अर्क. पेल्यात आधी अर्क, मग वरून पाणी, दूध नाही. ज्याला जसा हवा तसा तो करून घेतो.

अक्का दारात उभी राहून पाहत होती. "यात चूल कुठं हाय वं?" तिने विचारले.

"नाहीच, आत्या," धाकटी म्हणाली. "फक्त चहापुरती."

अक्का जवळ आली. पनीराचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. उभ्याउभ्याच, पण टाकला. आणि म्हणाली, "दूध कोनं नासवलं? पानी निथळलंच नाई."

तिथून पुढे कारभार कुणाकडे गेला हे सांगायला नको.

तुर्कांचे पांढरे पनीर विरजणासाठी 'रेनेट' घालून करतात आणि महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात मुरवतात. ते आपल्या घरी होणे नाही. पण लिंबाने नासवलेल्या गाईच्या दुधाचे, पाट्याखाली रात्रभर दाबून, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवलेले पनीर त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाते. लिटरभर दुधात ते दीडशे ग्रॅमच्या आसपास निघते, आणि चार-पाच दिवसांत संपवावे लागते. दुकानात पाकिटात मिळते त्याच्या वाटेला जाऊ नये; ते दाताखाली रबरासारखे लागते. दूध मात्र आमच्या वर्ध्यात चांगले मिळते. गवळाऊ गाय या जिल्ह्याचीच. जमनालालजी बजाजांनी अखेरच्या दिवसांत गोसेवेचेच व्रत घेतले होते. ते 1942 साली गेले, पण गोरस भांडार आणि तिथला गोरसपाक अजून गावाचे नाव राखून आहेत. (तुर्की चहाबरोबर गोरसपाक उत्तम लागतो, हा माझा स्वतःचा शोध.)

जैतुने पंधरा दिवसांत संपली. इथे ती डब्यातली मिळतात, पण किमतीकडे पाहून अक्काने कपाळाला हात लावला. मग तिने आवळे आणवले, त्यांना सुरीने चिरा दिल्या आणि मिठाच्या पाण्यात बरणीत बुडवले. दहा-बारा दिवसांत ते मऊ झाले. जैतुनाचा तेलकटपणा त्यात नाही, हे खरे. पण पनीरासोबत खारट-तुरट असे काही जे हवे असते ते त्यात आहे. पावही गेला. आमच्याकडचा पाव गोडसर. त्याच्या जागी रात्रीची ज्वारीची भाकरी तव्यावर कडक करून आली. तीळ-गूळ तर परका नव्हताच. तिकडे द्राक्षाची काकवी घालतात, इथे गूळ, एवढाच फरक. वान म्हणून पूर्वेकडे एक शहर आहे, न्याहारीसाठी प्रसिद्ध. तिथे भाजलेल्या गव्हाचे पीठ लोण्यात परतून 'कावूत' करतात. धाकटीने त्याचे वर्णन केले तेव्हा अक्का म्हणाली, "म्हंजे शिराच की!" त्याच वानमध्ये 2014 साली पन्नास हजारांवर माणसे एकाच वेळी न्याहारीला बसली, असेही तिला सांगितले. तिने फक्त विचारले, "भांडे कोनं घासले?"

अंड्यांचा प्रश्न नाजूक होता. टोमॅटो, हिरवी मिरची आणि अंडी यांचा 'मेनेमेन' तिकडे फार आवडीचा. आमच्या स्वयंपाकघरात अंडे शिरत नाही. म्हणून तो मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर होतो आणि आम्ही दोघे बापलेक तिथेच उभ्याने खाऊन येतो.

आमचे एक शेजारी या सगळ्याला आश्रमाचे जेवण म्हणतात. 1936 साली गांधीजी शेगावला राहायला गेले, 1940 साली त्याचे सेवाग्राम झाले, आणि उकडलेल्या व कच्च्या अन्नाचे पुष्कळ प्रयोग या मातीने पाहिले. पण मला हे साम्य पटत नाही. तिथे जिभेला आवर घालायचा होता; इथे तिला एका बशीतून दुसऱ्या बशीत मोकळे सोडायचे असते. तुर्की न्याहारी दीड-दोन तास चालते, आणि त्यात पोटापेक्षा गप्पा अधिक होतात.

अक्का बसते. कधीपासून ते मला नेमके सांगता येणार नाही. बश्या मांडून झाल्यावर करण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणून असेल. बिनदुधाचा चहा मात्र तिने एकदाच चाखला. 'काढा' म्हणून पेला बाजूला सारला आणि आपला पितळी गडवा घेऊन आली.

उन्हाळ्यात तुर्क लोक टरबूज आणि पनीर एकत्र खातात. टरबुजाला ते 'कारपूझ' म्हणतात. आपल्या खरबुजाचाच तो भाऊबंद, फळ तेवढे बदलले. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना ही जोडी किती कामाची आहे, हे वर्ध्यात राहिल्याशिवाय कळायचे नाही. पावसाळ्यात धाकटी पुण्याला नोकरीवर रुजू झाली. टेबल तरीही रोज मांडले जाते, पाट्याखाली पनीर असते, आणि बांगड्या आता मनगटाशी आहेत.

यंदाच्या आवळ्यांना आवळीभोजन होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी अक्काची ताकीद आहे. गेल्या वर्षीच्या बरणीत सात-आठ उरले आहेत. ती ते मोजून वाढते. काल मला अर्धाच मिळाला.