पलंग हवा की प्लॅटफॉर्म?

रविवारी सकाळी 7 वाजता, अख्खा मीरा रोड झोपलेला असताना, मी भाईंदर पश्चिमेच्या खाडीकाठी उभा असतो. समोर वसई खाडीवरचा पूल, पलीकडे पाणजू बेट आणि धडधडत जाणारी विरार लोकल. आठवडाभर हिच्यातच चेंगरतो, तरी सुट्टीला हिलाच बघायला येतो. बायको म्हणते, धन्य आहे!

त्याचं झालं असं, की आईनं माळ्यावरचा खोका पाठवला. मी शाळेत असताना बाबांनी आणलेला ट्रेनसेट. एचओ स्केल, म्हणजे 1:87. इंजिन अजून चालतं, बॉस! पण आमचं घर वनबीएचके. एचओ गाडी गोल फिरवायला निदान 3 फूट रुंद फळी हवी आणि 12 डब्यांची लोकल त्या मापात जवळजवळ 3 मीटर भरते. म्हणजे पलंग बाहेर. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्ये एचओचं अख्खं शहर आहे, पण त्यांच्याकडे हॉल आहे!

1:160चं एन स्केल घेतलं तर तीच लोकल दीड मीटरवर येते. रूळ जेमतेम 9 मिलिमीटर रुंद. पैसे भरणारच होतो. पण त्या रुळांवर बाबांचं इंजिन कसं चालणार?

खाडीवर ट्यूब पेटली. पुलावर गाडी सरळच जाते की! गोल फिरवायचा हट्ट सोडला, की टीव्हीच्या वर वीतभर रुंद फळी पुरे. इंजिन आणि 4 डबे. भाईंदर ते नायगाव आणि परत.

काल बायकोनंच टेपनं भिंत मोजली. 9 फूट 2 इंच. म्हणाली, ‘3 डबे बसतील. चौथा माझ्या कुंडीचा.’