तिरुवैयारुला नेलेला निरोप

भाषांतराच्या कामात बारा वर्षे घालविल्यावर माणसाला एक खोड जडते. दुसऱ्याचे बोलणे आपल्या हाती आले, की ते जसेच्या तसे पलीकडे पोहोचविणे हेच आपले कर्तव्य, असे त्याला वाटू लागते. आमच्या मासिकासाठी हिंदी आणि इंग्रजी लेख मराठीत आणताना मी हा नियम कसोशीने पाळते. मूळ लेखकाशी माझे मत जुळो वा न जुळो, त्याच्या वाक्यातील 'नाही' मी कधी 'बहुधा नाही' केलेले नाही. परंतु एकदा मात्र हा नियम मला फार जड गेला. प्रसंग घरातलाच होता.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा तंजावरच्या बाजूला एका विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. २०२४ च्या पावसाळ्यात तो तिकडे गेला. घरापासून दूर राहण्याची ती त्याची पहिलीच वेळ. नाताळच्या सुमारास पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि गणिताचा विषय राहिला. त्याच आठवड्यात त्याने मोठ्या उत्साहाने घरी कळविले, की आपण विद्यार्थ्यांच्या संगीतमंडळात जाऊ लागलो आहोत. शुक्रवारी संध्याकाळी तेथे गाणे असते, कधी एखादे व्याख्यान असते. झाले! भावोजींनी या दोन बातम्यांची सांगड घातली. जानेवारीत मी कामानिमित्त चेन्नईस जाणार, हे कळताच ते म्हणाले, "तशीच पुढे तंजावरला जा आणि त्याला माझा निरोप सांग. म्हणावे, पदवी हाती पडेपर्यंत गाणे बंद. शिकायला पाठविले आहे, मैफली ऐकायला नव्हे."

भावोजी कठोर नाहीत. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढले आहे आणि त्याचा हप्ता दरमहा त्यांच्या पगारातून जातो. त्यांची काळजी मला समजत होती. ताई काही बोलली नाही. तिने तिळाच्या लाडवांचा डबा तेवढा माझ्या हाती दिला.

मी पोहोचले तेव्हा पोंगलची सुट्टी नुकतीच सरत होती. वसतिगृह निम्म्याहून अधिक रिकामे होते. भाचा स्टेशनवर आला होता. अंगाने जरा उतरलेला दिसला, पण चेहरा प्रसन्न होता. मी काही बोलण्यापूर्वीच तो म्हणाला, "मावशी, उद्या पंचमी आहे. आपण तिरुवैयारुला जायचे. बाकीचे सगळे मागाहून." निरोप माझ्या ओठांवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे १८ जानेवारी २०२५ रोजी, आम्ही पहाटेच्या बसने निघालो. तिरुवैयारु हे तंजावरच्या उत्तरेस, सुमारे तेरा किलोमीटरवर आहे. नावाचा अर्थ पाच नद्यांचे पवित्र स्थान. म्हणूनच संस्कृतात त्यास पंचनद म्हणतात. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मध्येच एखादा कालवा, त्यावरचा अरुंद पूल, आणि शेवटी कावेरीचा काठ. थोर वाग्गेयकार त्यागराज यांनी याच गावी आयुष्य घालविले आणि ६ जानेवारी १८४७ रोजी येथेच देह ठेवला. ती तिथी पौष वद्य पंचमी. दरवर्षी त्या दिवशी शेकडो गायक-वादक त्यांच्या समाधीजवळच्या मांडवात जमतात आणि त्यांच्या पाच कृती एका सुरात म्हणतात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री अशा पाच रागांतील या कृतींना पंचरत्न म्हणतात.

मराठी माणसाला या गावी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. तंजावरचे राज्य त्या काळी भोसल्यांचे होते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात ते स्थापिले. त्यांचे वंशज सरफोजीराजे (दुसरे) यांनी त्यागराजांना दरबारी बोलाविले आणि त्यांनी नम्रपणे नकार दिला, अशी आख्यायिका आहे. ते गावातून भजन करीत फिरत आणि मिळेल त्या भिक्षेवर निर्वाह करीत. आपल्याकडील माधुकरीचाच तो प्रकार. राजाचे आमंत्रण नाकारणारा गवई आणि तरीही त्याला सुखाने नांदू देणारा राजा, या दोघांबद्दलही मला सारखाच आदर वाटतो.

मांडवात आम्हांला जमिनीवर, अगदी कडेला जागा मिळाली. गायन सुरू झाले. मला तेलुगू येत नाही आणि कर्नाटक संगीतातले मी काही जाणत नाही. तरी शेकडो कंठ एकाच वेळी एकाच स्वरावर येऊन थांबतात तेव्हा काय होते, ते सांगायला संगीताचे ज्ञान लागत नाही. शेजारी भाचा एक वही उघडून हलक्या आवाजात म्हणत होता. तेलुगू शब्द त्याने देवनागरीत लिहून घेतले होते. मी वाकून पाहिले, तर ती गणिताची वही! मागच्या पानांवर कृती होत्या. मला भावोजींची आठवण झाली आणि मन खट्टू झाले. परंतु वाऱ्याने वहीची पाने उलटली, आणि पुढच्या पानांवर दाटीने सोडविलेली उदाहरणे दिसली. त्यांत दोन हस्ताक्षरे होती. एक भाच्याचे, दुसरे लाल शाईतले, त्याच्या चुका दुरुस्त करणारे.

गाणे संपल्यावर आम्ही समाधीचे दर्शन घेतले. ही वास्तू एका स्त्रीने उभी केली आहे. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळात जन्मलेल्या विदुषी. समाधी दुर्लक्षित पडली आहे असे कळल्यावर त्यांनी आपली मिळकत वेचून १९२० नंतरच्या वर्षांत येथे मंदिर बांधले. आणि उत्सवात स्त्रियांना गाण्याची मात्र मनाई! तेव्हा त्यांनी स्त्रियांची निराळी मंडळी जमवून समाधीच्या मागच्या बाजूस गायन सुरू केले. पुढे १९४० च्या सुमारास सर्व पक्ष एक झाले. १९५२ साली त्या निवर्तल्या. त्यांचे स्मारक त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून आहे. त्यापुढे उभी असताना माझ्या मनात आले, की गाण्याच्या पंक्तीत आपल्याला बसू द्यावे, एवढ्यासाठी या बाईंनी केवढी खटपट केली. आणि मी येथे कोणाला तरी त्या पंक्तीतून उठवायला आले आहे!

पण निरोप हा निरोप. नदीकाठी पायरीवर बसून मी तो शब्दशः सांगितला. एक अक्षरही सौम्य केले नाही. भाचा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मावशी, परीक्षा नोव्हेंबरात झाली. मी मंडळात गेलो डिसेंबरात."

एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणीच विचारली नव्हती. निकाल आणि गाणे यांची बातमी एकदम आली, म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरले.

मग हळूहळू सारे बाहेर आले. पहिले चार महिने तो कोणाशी फारसे बोललाच नव्हता. वर्गात इंग्रजी, बाहेर तमिळ. भोजनगृहात मान खाली घालून जेवायचे आणि खोलीत यायचे. रात्री झोप नाही. म्हणून सकाळचा गणिताचा तास बुडायचा. "घरी का नाही सांगितलेस?" मी विचारले. "बाबांनी कर्ज काढले आहे, मावशी. कसे सांगणार?"

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सभागृहात एका डॉक्टरांचे झोप आणि एकटेपणा या विषयावर व्याख्यान होते. तो सहज जाऊन मागे बसला. व्याख्यानानंतर मंडळाच्या मुलांचे गाणे झाले. शेजारच्या मृदंग वाजविणाऱ्या मुलाने त्याला गाव विचारले आणि महाराष्ट्र म्हणताच तो उद्गारला, "मग तुमच्या राजाची भिंत वाचलीस का?" तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला आहे. रविवारी चार-पाच मुले त्याला घेऊन तेथे गेली. ती अक्षरे त्यांच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती. याला येत होती. "मी वाचत होतो आणि ते सगळे ऐकत होते," भाचा म्हणाला. "इथे आल्यापासून माझे कोणी ऐकल्याची ती पहिली वेळ." लाल शाईचे हस्ताक्षर त्या मृदंगवाल्या मुलाचे होते. तो दोन वर्षे पुढे आहे आणि रोज रात्री अर्धा तास गणित समजावून देतो.

मला त्याच भागातली एक जुनी गोष्ट आठवली. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी धन्वंतरी महालही चालविला. नेत्ररुग्णांच्या टिपणांची, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह केलेली पाने त्या ग्रंथालयात आजही आहेत. ग्रंथ, औषध आणि संगीत ही एकाच राजवाड्याच्या आश्रयाने नांदत होती. एकाने दुसऱ्याचा वेळ खाल्ला, असे तेथे कोणाला वाटले नसावे. आपल्याकडेही न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती शिकल्यासवरल्या माणसालाही चार चांगले शब्द कानी पडावेत म्हणूनच. १९७७ मध्ये दिल्लीच्या आय.आय.टी.त किरण सेठ या प्राध्यापकांनी स्पिक मॅके ही संस्था काढून थोर कलावंतांना महाविद्यालयांतील मुलांसमोर आणून बसविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध असल्याचे नमूद केले आहे. अर्थात गाणे म्हणजे औषध नव्हे. मुलाची झोप उडाली, बोलणे तुटले, तर जाणत्या डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. परंतु 'मला बरे वाटत नाही' हे सांगायला आधी कोणीतरी माणूस भेटावा लागतो. व्याख्यानांच्या आणि गाण्याच्या संध्याकाळी तो भेटतो, हेच त्यांचे मोठे काम.

वराळी रागाविषयी कर्नाटक संगीतात एक संकेत आहे, असे भाच्याने परतताना सांगितले. तो राग गुरूने समोर बसवून शिकवायचा नाही. शिष्याने ऐकून ऐकून उचलायचा. माणसांत राहण्याची विद्याही त्यातलीच असावी. तिचा तास कोणत्याही वेळापत्रकात लावता येत नाही.

बसस्थानकाजवळ आम्ही अशोका हलवा घेतला. मुगाच्या डाळीचा हा हलवा त्या गावची खासियत. घरी आल्यावर तो भावोजींच्या पुढे ठेवला आणि भाच्याचे उत्तरही जसेच्या तसे त्यांना सांगितले. नोव्हेंबर आणि डिसेंबर यांच्यासकट. 'कसे सांगणार' हे शब्दही गाळले नाहीत. भावोजी उठून गॅलरीत गेले. परत आले ते एवढेच म्हणाले, "पुढचा निकाल लागेपर्यंत पाहू." मग ताईला म्हणाले, "त्याला फोन लाव. मला बोलायचे आहे. अभ्यासाचे नाही."

उन्हाळ्यात तो विषय सुटला. गुण भरघोस नव्हते. परंतु दिवाळीत भाचा घरी आला, तेव्हा भावोजींनी त्याला विचारले, "यंदा ती पंचमी कधी येते रे?" प्रश्न साधाच होता. बारा वर्षांच्या भाषांतराच्या सवयीने मला त्याचा अर्थ मात्र नीट कळला.