मिकीच्या गावची दुपार

ऑर्लँडोत दुपारी दीड वाजता डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर उभं राहून माणसं बघावीत. सकाळी याच रस्त्याने किल्ल्याकडे जवळजवळ पळत गेलेली कुटुंबं आता पाय ओढत परत फिरलेली असतात. मिकीचे कान लावलेली एक चिमुरडी फूटपाथवर फतकल मारून बसते आणि उठायला साफ नकार देते. तिचे वडील कुठल्या राइडला किती मिनिटांची रांग आहे ते फोनवर बघत असतात. आई वडिलांकडे बघत असते. आजोबा कुठेच बघत नसतात. सावलीच्या प्रत्येक तुकड्यावर माणूस टेकलेला असतो, आणि बाबागाड्यांतली पोरं अंगावर ओला पंचा घेऊन माना टाकून झोपलेली असतात. स्पॅनिश, पोर्तुगीज, हिंदी, तेलुगू, अधूनमधून चक्क आपली मराठीही कानावर येते, आणि सगळ्या भाषांत एकच वाद चाललेला असतो: हॉटेलवर जाऊन पडायचं, की इथेच राहायचं?

वाद वाटतो तेवढा किरकोळ नाही. डिस्ने वर्ल्डला वर्षानुवर्षं जाणाऱ्या मंडळींत यावरून दोन पंथच आहेत. एक पंथ सकाळी फाटक उघडायच्या आधी हजर. याला ते ‘रोप ड्रॉप’ म्हणतात, कारण गर्दीपुढे धरलेली दोरी सोडली की दिवस सुरू. तिथून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत जे बसायचं ते फक्त राइडमध्ये. या पद्धतीला त्यांनीच ‘कमांडो’ असं नाव दिलंय, आणि ते नाव सांगताना त्यांची छाती फुगते. दुसरा पंथ दुपारी हॉटेलवर जातो, पडतो, आणि उन्हं कलल्यावर परत येतो. ‘अनऑफिशियल गाइड’ नावाचं एक जाडजूड पुस्तक आहे, तेही याच पंथाचं. माझ्या सुनेने ते रंगीत खुणा लावून वाचलं होतं. मुलाने एक्सेल शीट केली होती. एकाच घरात ग्रंथप्रामाण्य आणि स्वतंत्र गणित एकत्र नांदलं की दुपारी दीड वाजता काय होतं, ते सांगायला नको.

निव्वळ हिशोब मांडला तरी दुपार सोडून देण्यासारखीच असते. सकाळचा पहिला तास-दीड तास रांगा आखूड असतात, दुपारी त्या फुगतात आणि संध्याकाळी मुलं पेंगायला लागली की पुन्हा ओसरतात. त्यात उन्हाळ्यात पारा 33 अंशांच्या आसपास आणि हवेत आपल्या मे महिन्यातल्या कोकणासारखी चिकचिक. आमचे हे मूळचे अकोल्याचे. “हे काय ऊन आहे का?” असं सकाळी दहाला म्हणाले होते. बाराला म्हणाले नाहीत. अकोल्याचं ऊन भाजतं, इथलं उकडतं. शिवाय फ्लोरिडाचा पाऊस. हे राज्य म्हणजे समुद्रात घुसलेला जमिनीचा लांबट पट्टा. तापलेल्या जमिनीकडे एका बाजूने अटलांटिकचे, दुसऱ्या बाजूने मेक्सिकोच्या आखाताचे वारे धावत येतात आणि मध्यावर एकमेकांना भिडतात. नेमकं तिथेच ऑर्लँडो. म्हणून उन्हाळ्यात दुपारनंतर बहुतेक रोज ढग चढतात, गडगडाट होतो, विजा कडाडतात आणि उघड्यावरच्या राइड बंद होतात. म्हणजे दुपारी थांबून हाती काय लागतं? सगळ्यांत लांब रांग, सगळ्यांत कडक ऊन, आणि त्यावर प्लास्टिकचा रेनकोट.

तरी माणसं थांबतात. कारण वसुली. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरांच्या बरंच वर आहे, आणि माझ्यासारखी बाई प्रत्येक डॉलरचे मनातल्या मनात रुपये करते. सगळ्या माणसांचे रुपये केल्यावर दुपारची झोप ही चैन वाटू लागते. “एवढे पैसे भरून झोपायला आलोय का?” हे वाक्य मी बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, असं नंतर सुनेने सांगितलं.

दुसरी अडचण अंतराची. तिच्यात मला जास्त रस वाटला, कारण ती कुणीतरी विचारपूर्वक घडवलेली आहे. वॉल्ट डिस्नेने 1955 साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा भोवती जमीन फारशी घेतलेली नव्हती. बघता बघता फाटकासमोर मोटेलांची गर्दी झाली. बाहेरच्या जगाने उंबऱ्यापर्यंत यावं हे त्याला खपलं नाही. म्हणून फ्लोरिडात त्याने निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांआडून गुपचूप जमीन घेतली, थोडीथोडकी नव्हे, सत्तावीस हजार एकरांच्या घरात. तो 1966 साली गेला, बाग 1 ऑक्टोबर 1971 ला उघडली. मॅजिक किंगडमचं मोटारतळ एका खोदलेल्या तळ्याच्या अलीकडे ठेवलं. मोटार लावायची, तिकिटांच्या आवारात यायचं, मग मोनोरेल किंवा बोट. तळं ओलांडताना किल्ला हळूहळू मोठा होत येतो आणि मागचं सगळं मागे पडतं. सकाळी हे फार सुंदर वाटतं. दुपारी, खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन उलटं जाताना, तेच तळं कोकणातल्या खाडीएवढं रुंद होतं. बोट, मग ट्राम, मग आपली गाडी, मग आमचं हॉटेल होतं त्या किसिमीच्या रस्त्यावरचे सिग्नल. तासभर असाच जातो, परतीचा आणखी एक.

मोनोरेलच्या वाटेवरच कंपनीची स्वतःची हॉटेलंही आहेत. एका हॉटेलच्या तर पोटातून मोनोरेल जाते, तिथून मॅजिक किंगडमला चालतही जाता येतं. तिथे उतरलेला माणूस वाटेल तेव्हा खोलीत जाऊन पडू शकतो. पण त्या खोल्यांचे दर बघून आमची झोप उडाली. तिथे खरी विकली जाते ती झोपेची जवळीक. अ‍ॅनाहाइमला मात्र ज्या मोटेलांचा वॉल्टला राग होता, ती अजून रस्त्यापलीकडेच आहेत. साधं कुटुंबही तिथे दहा-पंधरा मिनिटांत पायी जाऊन अंथरुणावर अंग टाकतं. माझ्या मते ती मोटेलं अमेरिकेने केलेली मोठी समाजसेवा आहे.

भारतातून नुकत्याच आलेल्या आजी-आजोबांची गोष्ट वेगळीच. उन्हाळ्यात ऑर्लँडो आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे दुपारचे दोन म्हणजे ठाण्यात रात्रीचे साडेअकरा. डोळ्यांसमोर लखलखीत ऊन, बँड, नाचणाऱ्या राजकन्या, आणि शरीर आतून म्हणतं, दिवे मालवा. नातवाचंही तसंच, कारण वेगळं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप पुरती सुटलेली नसते आणि पुरती हवीही नसते. पेंगुळलेलं मूल झोपत नाही, ते चढतं. आधी खिदळतं, मग किरकिरतं, मग आइस्क्रीमचा मिकीचा कान तुटला म्हणून असं भोकाड पसरतं की शेजारच्या रांगेतले लोक आपल्याकडे संशयाने बघतात.

मला त्या पोराचा हेवा वाटला. घरात खरं बोलणारं ते एकटंच होतं. आपल्याकडे सहलीत कुणी ‘मी दमलो’ म्हणत नाही. आई म्हणते, मला काय, मी बसते इथे, तुम्ही जाऊन या. बाबा म्हणतात, मुलांना विचारा. मुलगा म्हणतो, आईला झेपत नसेल तर जाऊ. सून काहीच म्हणत नाही, कारण ती काही म्हणाली तर ते सुनेचं म्हणणं होईल. प्रत्येक जण आपला थकवा दुसऱ्याच्या नावावर टाकायला बघतो आणि उन्हात सगळे उभेच राहतात. दुपारच्या सुटीचं खरं मोल मला इथे कळलं. ती आधीच ठरलेली असली, तर कबुलीजबाब कुणालाच द्यावा लागत नाही. दीड वाजला, निघायचं. का, कुणासाठी, हा प्रश्नच नाही.

आपल्या वारीत हे शहाणपण किती जुनं आहे! आळंदी ते पंढरपूर हे साधारण अडीचशे किलोमीटर. माउलींची पालखी निघते तेव्हा वेळापत्रक छापलेलं असतं आणि त्यात मुक्कामाच्या बरोबरीने विसावेही असतात. सकाळचा विसावा, दुपारचं भोजन, दुपारचा विसावा, गावांच्या नावांसकट. कुणी दमलं म्हणून पालखी थांबत नाही. थांबायची जागा आली म्हणून थांबते, आणि मग दमलेले आणि न दमलेले सगळेच झाडाखाली आडवे होतात. ऐंशीची म्हातारी आणि विशीतला टाळकरी, दोघांचा विसावा एकच. कुणाचा अपमान नाही.

आणि पंढरपुरात त्या दिवसांत स्वतः देव झोपत नाही. आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, शेजारती बंद होते, चोवीस तास दर्शन सुरू. विठ्ठलाच्या पाठीशी लोड, रुक्मिणीला तक्क्या. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात, आणि मग पलंग परत येतो. डिस्नेत याच्या बरोबर उलटं. मिकीला भेटायला रांग लावावी, तर थोड्या थोड्या वेळाने त्याच्याबरोबरची मुलगी हसून सांगते की मिकीला आता जरा आत जायचंय. त्या जाड पोशाखात कुणीतरी कोवळं पोर उकडत असणार, त्याला विसावा हवाच, आणि तो नेमाने मिळतो हे फार चांगलं. मॅजिक किंगडमच्या पायाखाली कामगारांसाठी बोगद्यांचं एक अख्खं जाळं आहे, तिथे थंडावा असतो. म्हणजे विठ्ठल भक्तांसाठी उभा राहतो, इथे भक्त उंदरासाठी. मी हे बोलले तेव्हा नातीने मला दटावलं, “आजी, ही इज नॉट अ रॅट.”

हॉटेल लांब असेल आणि जाणं नकोच असेल, तर बागेच्या आतही पडायच्या जागा आहेत. माझी आवडती ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी डिस्नेने हे यांत्रिक बाहुल्यांचं नाटक केलं, 1975 पासून ते फ्लोरिडात आहे. गंमत अशी की रंगमंच जागीच राहतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या गोल फिरतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुढे एका कुटुंबाच्या घरात वीज येते, फ्रिज येतो, टीव्ही येतो. वीसेक मिनिटं गार अंधार, मऊ खुर्ची, रांग जवळजवळ नाहीच. मानवाची प्रगती चालू असताना आजूबाजूचे निम्मे प्रेक्षक घोरत होते. आमचे हे विजेचे दिवे येण्याआधीच झोपले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या सभागृहातही असाच गारवा आहे, पण तिथे भाषणं असतात, आणि भाषणाला झोपायची सवय आम्हाला घरूनच आहे.

पण खोलीतली दुपार ती खोलीतली दुपार. जाड पडदे ओढले की फ्लोरिडा बंद होतो. बूट काढल्यावर पायांना हवा लागते, तेव्हा पायही आपल्याला आहेत हे आठवतं. सुनेने मायक्रोवेव्हमध्ये भात लावला, मी बॅगेतून मेतकुटाची पुडी काढली, वर तूप, बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड. बागेत सबंध सकाळ वेफर आणि पिझ्झ्यावर काढलेली मुलं त्या पिवळ्या भातावर तुटून पडली. नातीला पोहायचं होतं, म्हणून ती पोशाख चढवून खाली गेली आणि तशीच कोरडी परत आली. वीज दिसली की तरणतलावही बंद करतात, हे कुठल्याच एक्सेलमध्ये नव्हतं. मग ती माझ्या कुशीत शिरून खिडकीतला पाऊस बघत राहिली. पाम वृक्ष झोडपले जात होते, मोटारतळावर पाणी उड्या मारत होतं. ती झोपली, मी झोपले नाही. तिने मला शाळेतल्या एका मुलीचं गुपित सांगितलं होतं, आणि ते ऐकून झोप कशी येणार? सकाळी रांगांमध्ये तास न् तास शेजारी उभ्या होतो, पण बोलणं एवढंच होत होतं, पुढे सरक, टोपी घाल, पाणी पी.

संध्याकाळी परतलो तेव्हा धुतलेले रस्ते वाफाळत होते आणि कमांडो मंडळी भिजल्या बुटांनी बाहेर पडत होती. सकाळी पाऊणतासाची असलेली एक रांग वीस मिनिटांवर आली होती. आतषबाजीपर्यंत नातू टक्क जागा राहिला.

तरी हा नियम सरसकट लावू नये. ज्याच्याकडे एकच दिवस आहे, त्याने तळं उलटं ओलांडू नये, त्याने खुशाल प्रगतीच्या खुर्चीत झोपावं. जानेवारीच्या गार हवेत दुपार सोडायचं कारण नाही, तेव्हा बागही लवकर बंद होते. सोळा वर्षांच्या मुलांना तर हॉटेलवर न्यायला जाऊच नये, त्यांना बागेतच सोडून आपण झोपायला जावं, दोन्ही पक्ष सुखी होतात.

रात्री मुलाने दुसऱ्या दिवसाची शीट उघडली. एप्कॉट, डिस्नेचीच दुसरी बाग. दीड ते साडेचार या चौकटीत त्याने लिहिलं, ‘आईची विश्रांती’. मी म्हटलं, माझं नाव कशाला, पोराचं घाल. नातू ओरडला, मी बाळ नाहीये. “बाबांचं घालू का?” सुनेने विचारलं. हे म्हणाले, मला एका जागी बसवत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. बराच वेळ ती चौकट रिकामी राहिली. शेवटी नातीने कीबोर्ड ओढून घेतला आणि तिथे मिकीचं नाव टाइप केलं.