वीज परत आली तेव्हां

वीज गेली म्हणजे आपण हळहळतों, आणि ती आली म्हणजे लगबगीनें बटणाकडे धांवतों. संगणकाच्या बाबतींत मात्र वीज जाण्याच्या घटकेइतकीच, किंबहुना अधिक, ती परत येण्याची घटका जपण्यासारखी असते. गांवांतील पंखे, मोटारी आणि फ्रीज एकदम सुरू होऊं पाहतात, दाब खालींवर होतो, आणि २३० व्होल्टच्या जागीं क्षणभर भलताच दाब येऊन आदळतो. म्हणून वीज आल्यावर पांचदहा मिनिटें थांबावें, हा पहिला उपचार होय.

बीडहून परळीस जातांना तेलगांव लागतें. परळीच्या औष्णिक केंद्रांत १९७१ पासून वीज निर्माण होत आली. पण २०१३ च्या दुष्काळांत पाण्यावांचून तेंच केंद्र बंद ठेवावें लागलें होतें! दिव्याखालीं अंधार म्हणतात तो असा. असो. तेलगांवच्या एका शाळेंत आमचे एक स्नेही लिपिक आहेत. त्यांच्याकडे आम्ही गेलों असतां रात्रभर गेलेली वीज नुकतीच आली होती, आणि कचेरींतील संगणक मुका होऊन बसला होता.

एरव्हीं आम्हीं त्यांस उद्यां पाहूं म्हटलें असतें. परंतु ते दिवस ऊसतोडीचे होते. दिवाळीनंतर या भागांतील कोयते (नवराबायकोच्या जोडीस येथें एक कोयता म्हणतात) सांगली-कोल्हापुराकडे व कर्नाटकांत जातात, आणि पुष्कळ मुलें हंगामी वसतिगृहांत राहतात. त्यांपैकीं एका लहान मुलीस सणकून ताप भरला होता. डॉक्टर येऊन गेले होते, तरी आईबापांस कळविणें अवश्य होतें. मुकादमाचा फोन लागेना. टोळ्यांनीं नुकतेच मुक्काम बदलले होते, आणि बापाचा नवा क्रमांक त्या मुक्या पेटींत होता.

अशा वेळीं आधीं पेटी उघडण्याचा मोह आवरावा, आणि भिंतीपासून आंत यावें. त्याच खटक्यांत आम्हीं दिवा लावून पाहिला, तो लागला. मधला एक्स्टेन्शन बोर्ड काढून तार थेट भिंतींत घातली, कांहीं नाहीं. पडद्याची तार तशीच असते, ती पेटीस लावली, तरी नाहीं. एका वेळीं एकच फेरफार करावा, नाहींतर गुण कशानें आला तें समजत नाहीं.

मग तार पुरती काढून पेटीचें बटण अर्धा मिनिट दाबून धरलें. दाबाचा धक्का बसला म्हणजे आंतील एसएमपीएस कधीं कधीं स्वतःस वांचविण्यासाठीं अडून बसतो; शिल्लक राहिलेला भार असा निघून गेला म्हणजे तो पुष्कळदां पुन्हां चालतो. (विद्यार्थिमित्रांनीं एसएमपीएसची डबी मात्र कदापि उघडूं नये. तार काढल्यावरही तींत जिवावर बेतणारा भार राहूं शकतो.) तार लावतांच पंखा फिरला. आमचे स्नेही टाळ्या पिटणार, इतक्यांत पेटी शिट्या वाजवूं लागली, पडदा काळाच.

या शिट्या म्हणजे यंत्राची तक्रार होय. बहुधा ती रॅमच्या पट्टीविषयीं असते, आणि अंधारांत कोणीं तरी पेटी सरकविलीही होती. तार पुन्हां काढली, पेटीच्या उघड्या लोखंडास हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् घालविली, आणि पट्टीचे सोनेरी दांते शिसपेन्सिलीच्या रबरानें अलगद पुसून ती खट्‌ आवाज होईतों बसविली.

पडदा उजळला, पण तारीख कित्येक वर्षें मागची! पाटावरील रुपयाएवढी ३ व्होल्टची घडी संपली होती. वीज तुटली कीं मग घड्याळाचें भान सुटतें. तें काम बाजारांतून नवी घडी आणून होण्यासारखें होतें. पुढें यंत्र आपली तबकडी तपासूं लागलें. यांत अर्धा तास गेला. आमचे स्नेही दोनदां बटणाकडे गेले, दोनदां आम्हीं त्यांचा हात धरला. कारण तपासणी मध्येंच तोडली तर वांचलेली माहितीही जाण्याचें भय असतें.

यादी शाबूत निघाली. तिसऱ्या वेळीं फोन लागला, आणि सांगलीकडच्या एका फडांतून बापाचा आवाज आला. फोन कानाशीं धरतांच ती पोर तापांतच उठून बसली, आणि बैलांना वाढें मिळतें का, असें तिनें आधीं विचारलें.