हाड मोडलं कशानं?

लेकराचं हाड मोडलं की घरात आधी दोषी शोधतात. आमचा नऊ वर्षांचा पुतण्या मुदखेडला गल्लीत चेंडू फेकता फेकता ओरडला. दंडाचं हाड मोडलं होतं. तो पडला नव्हता, कुणी मारलंही नव्हतं. शेजारपाजार मात्र भावजयीलाच बोलला, "पोराला नीट खाऊ घालत नाही." ती मुकाट रडली.

आम्ही त्याला रेल्वेनं नांदेडला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरला. खांद्याजवळ हाडात पाण्याची गाठ होती, वरचं कवच पातळ झालेलं. "हा कर्करोग नाही, आणि आईचा दोषही नाही," ते म्हणाले. हात गळ्यात बांधला, हाड जुळलं. गाठ मात्र राहू शकते, म्हणून अधूनमधून एक्स-रे काढावा लागतो.

माता-भगिनींनो, साध्या धक्क्यानं हाड मोडलं तर चोळून घेऊ नका, एक्स-रे काढा. हाडातली गाठ, मुडदूस, जन्मजात ठिसूळ हाडं, प्रत्येकाचा इलाज वेगळा. ठिसूळ हाडांच्या पुष्कळ मुलांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत, शाळेत येतात, त्यांनाही सांगा. दुखणं लेकराच्या हाडात असतं, त्याचा डाग आईच्या पदराला लावू नका.