सहा माणसं आणि सातवी सीट

आमच्या घरात माणसं सहा. सासूबाई, मामंजी, आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. जुनी गाडी पाच जणांची. त्यामुळे कोल्हापूरहून देवरुखला गावी जायचं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, एसटीनं कोण येणार? बहुतेक वेळा मामंजीच म्हणायचे, "मी येतो लाल परीनं, तुम्ही व्हा पुढं." सत्तरी ओलांडलेल्या माणसानं घरच्यांपासून वेगळं होऊन आंबा घाट उतरायचा, हे मला कधीच पटलं नाही. म्हणून सगळे एकत्र मावतील अशी गाडी घ्यायचं ठरलं. ह्यांना कामातून सवड नव्हती, तेव्हा गाड्या बघायचं काम माझ्याकडे आलं. मला गाडी चालवता येत होती. गाडी निवडणं मात्र पूर्ण नवं होतं.

ज्याला विचारावं तो म्हणे, "इनोव्हा घ्या, डोळे झाकून." त्यामागे कारण आहे. टोयोटाची क्वालिस 2000 साली आपल्याकडे आली, 2005 मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली, आणि तेव्हापासून पंढरपूर, तुळजापूर, कोकण, लग्नाचं वऱ्हाड अशा सगळ्या प्रवासांत भाड्यानं मिळणारी इनोव्हा लोकांनी अंगावर अनुभवलेली आहे. पण शोरूममध्ये गेल्यावर कळलं की इनोव्हा एक नाही, दोन आहेत. 2016 मध्ये आलेली क्रिस्टा डिझेलवर चालते आणि तिची ताकद मागच्या चाकांना जाते. 2022 च्या अखेरीस आलेली हायक्रॉस पेट्रोलवर किंवा पेट्रोल-हायब्रिडवर चालते आणि तिची पुढची चाकं ओढतात. नाव एक, पण आतून दोन वेगळ्या गाड्या. तिथंच माझं डोकं गरगरायला लागलं. त्यात एर्टिगा, कॅरेन्स, सफारी, एक्सयूव्ही 700, स्कॉर्पिओ-एन. सगळ्यांच्या जाहिरातीत सात माणसं हसत बसलेली. फरक कशात आहे ते सांगणारं कुणी नव्हतं.

हा गुंता पहिल्यांदा सोडवला आमच्या गॅरेजवाल्या काकांनी. त्यांनी दुरुस्तीला आलेल्या दोन गाड्या शेजारी शेजारी दाखवल्या आणि दार उघडून खालच्या उंबऱ्यावर हात ठेवला. "ताई, हिच्या खाली वेगळी चासी आहे. लोखंडी शिडीसारखी. तिच्यावर बॉडी बसवलीय. म्हणून तळ वर आलाय. आणि ही बघा, हिची बॉडी आणि सांगाडा एकच, म्हणून तळ खाली." पहिल्या प्रकारात क्रिस्टा आणि स्कॉर्पिओ-एन येतात. हायक्रॉस, सफारी, एक्सयूव्ही 700, कॅरेन्स, एर्टिगा दुसऱ्या प्रकारातल्या. शिडीची चासी वाईट रस्त्यावर, ओझ्याखाली वर्षानुवर्षं टिकते, हे काकांनीच सांगितलं. पण माझं लक्ष त्या उंबऱ्याच्या उंचीवर खिळलं होतं, कारण सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची वाटी बदललेली आहे.

त्या दिवसापासून मी त्यांना, म्हणजे आईंना, बरोबर न्यायला लागले. त्यांनी गाडीत बसण्याची पद्धत मी नीट पाहिली. त्या आधी पाठ गाडीकडे करतात, सीटवर बूड टेकवतात आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतात. सीट मांडीच्या वरच्या भागाइतकी उंच असेल तर हे सहज जमतं. त्याहून उंच असेल तर आधी एक पाय फूटबोर्डवर ठेवून अंगाचा भार वर उचलावा लागतो, आणि तिथं त्यांचा चेहरा आवळतो. फार खाली असेल तर उठताना कुणाचा तरी हात लागतो. शिडीच्या चासीच्या उंच गाड्यांत त्यांना दरवाजाच्या वरचं हँडल धरून चढावं लागलं. एर्टिगा, कॅरेन्स आणि हायक्रॉसमध्ये त्या कुणाचा हात न धरता बसल्या. आमच्या यादीतली काही नावं तिथंच गळाली. कुठल्याही माहितीपत्रकात ही उंची छापलेली नसते. ती ज्याच्या त्याच्या गुडघ्यालाच मोजावी लागते.

दुसरं मोजमाप घरच्या फाटकाचं. आमचं घर जुन्या पेठेत, फाटक सात फुटांचं, म्हणजे 2134 मिलिमीटर. एर्टिगाची रुंदी 1735, कॅरेन्सची 1800, हायक्रॉसची 1850, एक्सयूव्ही 700 ची 1890, स्कॉर्पिओ-एनची 1917 आणि सफारीची 1922. हे आकडे आरसे सोडून असतात. सफारी आमच्या फाटकातून आरसे मिटूनच गेली असती, तेही गल्लीतून सरळ रेषेत आली तर. आणि गल्लीत वळायला जागा नाही. सफारी मला मनापासून आवडली होती. 2023 मध्ये तिला मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या, दोन्ही सुरक्षेसाठी पाच-पाच स्टार मिळाले आहेत. पण रोज सकाळी फाटकाशी झगडत गाडी बाहेर काढणं मला झेपणारं नव्हतं.

आता मागची रांग. सात सीटांच्या गाडीचा खरा कस इथं लागतो. विक्रेते पुढच्या सीटवर बसवून पडदा, सनरूफ, आवाजाची सिस्टिम दाखवतात. मागं बसा असं कुणी आपणहून म्हणत नाही. मी मागं बसले. काही गाड्यांत मागच्या रांगेत पायाखालची जमीन उंच आणि सीट बुटकी असते. गुडघे छातीकडे येतात, मांड्या हवेत राहतात आणि सगळा भार कमरेवर पडतो. शोरूममध्ये दोन मिनिटं ते जाणवत नाही, पण मलकापूर ओलांडून साखरप्यापर्यंतच्या वळणांवर नक्की जाणवेल. मुलं बसतील असं प्रत्येक जण म्हणतो. पण मुलगा बारा वर्षांचा आहे, आणि गाडी दहा वर्षं वापरायची आहे. आणखी तीन वर्षांत तो माझ्यापेक्षा उंच झालेला असेल. मुलांच्या आजच्या उंचीवर मागची रांग निवडणं मला धोक्याचं वाटलं.

मग डिकी. सगळ्या सीटा उभ्या असताना एर्टिगाची डिकी 209 लिटरची, कॅरेन्सची 216, हायक्रॉसची 300. लिटरमध्ये मोजलेली डिकी माझ्या डोळ्यांसमोर येईना. शेवटी देवरुखला नेतो त्या भरलेल्या बॅगाच मी शोरूमला घेऊन गेले: दोन मोठ्या, एक आईंची, औषधांची पिशवी आणि तांदळाचं छोटं पोतं. गावी जाताना आपण फराळाचे डबे नेतो आणि येताना तांदूळ, कोकम, आंब्याची पेटी आणतो, हे गाडी बनवणाऱ्यांच्या हिशेबात बहुधा नसतं. सव्वादोनशे लिटरच्या डिकीत एक मोठी बॅग उभी बसली, पिशवी बसली, पोतं बसलं नाही. सीएनजीच्या एर्टिगाचा विचारही होता, कारण किलोमीटरमागचा खर्च खरंच कमी येतो. पण तिची टाकी डिकीतच असते. सात माणसं आणि सीएनजी एकत्र घेतली की सामानाला टपावरचा कॅरिअर हाच मार्ग.

माझा सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो कॅप्टन सीटांवरून. सहा सीटांच्या गाडीत मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असतात, प्रत्येकीला हात ठेवायला आधार, मधून मागं जायला वाट. सात सीटांच्या गाडीत मधे सलग बाक. विक्रेत्याचं म्हणणं, "मॅडम, माणसं सहा आहेत ना, मग सहा सीटरच घ्या. आजी-आजोबा राजासारखे बसतील." आईंनाही ती खुर्ची आवडली. मलाही पटलं होतं. घरी येऊन मी वहीत चौकोन काढले आणि कोण कुठं बसेल ते लिहायला बसले. सहा सीटांच्या गाडीत पुढं आम्ही दोघं, मधे आई आणि मामंजी, मागं दोन्ही मुलं. सहाच्या सहा जागा भरल्या. सामानाला राहिली ती फक्त मागची 216 लिटरची फट.

मग सात सीटांचं चित्र काढलं. पुढं दोघं, मधल्या बाकावर आई, मामंजी आणि त्यांच्या मधे मुलगी. मागं एकटा मुलगा. मागची रांग निम्मी-निम्मी दुमडते, म्हणजे त्याच्या शेजारची सीट आडवी पाडली की डिकीपासून मधल्या बाकाच्या पाठीपर्यंत सलग जागा मोकळी होते. पोतं तिथं बसतं, आंब्याची पेटीही. माणसं सहा आणि सामान असेल तर सीटा सात हव्यात, आणि मागची रांग दोन तुकड्यांत दुमडणारी हवी. एवढी साधी गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती, आणि सहा जणांच्या कुटुंबासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत झालं आहे. काही गाड्यांत मागची रांग एकसंध असते. तिथं हा मार्ग बंद होतो, म्हणून तेही दुमडूनच पाहावं लागतं.

इंजिनाचं प्रकरण ह्यांनी हाती घेतलं. चढावर पॉवरपेक्षा टॉर्क बघायचा, असं त्यांचं म्हणणं. एर्टिगाच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क 137 न्यूटन मीटरच्या आसपास, कॅरेन्सच्या दीड लिटर डिझेलचा 250, क्रिस्टाचा 343. म्हणजे भरल्या गाडीनं घाट चढताना पेट्रोलला खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडवावं लागतं, डिझेल कमी आरपीएमवरच ओढून नेतं. पण डिझेलची दुसरी बाजू काकांनी सांगितली. आजच्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या शाळेच्या फेऱ्या मारल्या तर ती चोंदते. आमचं गावी आणि पुण्याला सतत जाणं आहे, आणि शाळेला माझी स्कूटर आहे. म्हणून डिझेल चालणार होतं. ज्यांची गाडी फक्त गावातच फिरते त्यांनी पेट्रोलच घ्यावं.

सुरक्षेच्या स्टारांबद्दल एक गोष्ट कळल्यावर मी अस्वस्थ झाले. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे गाड्या आदळून तपासणारं भारत एनकॅप सुरू झालं ही फार चांगली गोष्ट आहे. पण समोरून धडक देताना मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटांवर असतात आणि लहान मुलांचे मधल्या रांगेत. मागच्या रांगेतल्या माणसाचं काय होतं ते स्टार सांगत नाहीत. माझा मुलगा तर तिथंच बसणार होता. म्हणून प्रत्येक गाडीत मी तीन गोष्टी हातानं तपासल्या: मागच्या सीटांना खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, डोक्याचा आधार त्याच्या उंचीला पुरतो का, आणि डोकं ते मागची काच यांत किती अंतर उरतं. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग मागच्या रांगेपर्यंत येतात का, हे विक्रेत्याकडून लेखी मागितलं.

शेवटी पैसे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला. मोठ्या गाड्यांवर आधी 28 टक्के आणि वर सेस मिळून 50 टक्क्यांपर्यंत कर जायचा, तो सरसकट 40 टक्के झाला. तरीही जाहिरातीतली एक्स शोरूम किंमत आणि ऑन रोड किंमत यांत मोठी दरी राहते. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला 14. दहा लाखांच्या वर एक टक्का टीसीएस कापतात, तो रिटर्न भरताना परत मागता येतो. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. मी बाहेरून कोटेशन आणलं तेव्हा शोरूमवाल्यांचाही आकडा खाली आला. हँडलिंग चार्जेस कशाचे, असं विचारल्यावर ती ओळ कागदावरून गेली.

हायक्रॉस आमच्या घराला सगळ्यात योग्य होती, हे मला आजही मान्य आहे. तळ सपाट, मागच्या रांगेत मोठं माणूस बसेल अशी जागा, 300 लिटरची डिकी. पण तिच्यासाठी काढावं लागणारं कर्ज घराचे बाकीचे खर्च आवळणारं होतं. एर्टिगा खिशाला सोयीची आणि गल्लीत सगळ्यात सुटसुटीत, पण आंबा घाटात सहा माणसं आणि पोतं घेऊन चढायला ती आम्हाला कमी वाटली. आम्ही सात सीटांची डिझेल कॅरेन्स घेतली. एक बटण दाबलं की मधली सीट दुमडून पुढं उलटते आणि मुलगा मागं जातो. आई कुणाच्या आधाराशिवाय बसतात. मामंजी आता एसटीनं जात नाहीत.

गाडी बघायला निघणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात उंच मूल बरोबर न्या, भरलेल्या बॅगा न्या, घरच्या फाटकाचं माप लिहून न्या. आणि टेस्ट ड्राइव्हच्या वेळी स्टिअरिंग निम्मा वेळ दुसऱ्याच्या हाती देऊन तुम्ही मागच्या रांगेत बसा.