खंडोबाच्या यात्रेतील श्वान प्रदर्शन: तीन प्रवासपत्रे

पत्र पहिले: पाथर्डी

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

दख्खनमधील माणूस आणि कुत्रा यांच्या सहवासाचा एक फार जुना पुरावा अहिल्यानगर जिल्ह्यातच मिळाला आहे. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये जो कांस्यमूर्तींचा संच सापडला, त्यातील रथाच्या मूर्तीत बैलांची जोडी आणि रथ हाकणारा पुरुष यांच्यासोबत रथाच्या दांडीवर उभा असलेला एक कुत्राही घडविलेला आहे. संचाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि अनेक अभ्यासक तो उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. पुढे याच पठारावर धनगरांच्या मेंढवाड्यांची लांडग्यापासून राखण करणारा एक आणि माळावर सशाचा पाठलाग करणारा दुसरा, असे कुत्र्यांचे दोन निराळे प्रकार कामाच्या गरजेतून घडत गेले. त्यांपैकी दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे कारवान आणि पश्मी या कुत्र्यांचे, प्रत्यक्ष दर्शन घडावे म्हणून पारनेरकडील मेंढपाळ घराण्यातील मित्रासह नांदेड जिल्ह्यातील माळेगावचा हा प्रवास योजला आहे.

कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा महामार्ग अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी असा नांदेडकडे जातो, आणि त्याच वाटेवर पाथर्डी तालुक्यातील मढी हे कानिफनाथांचे समाधिस्थान आहे. ‘भटक्यांची पंढरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते आणि रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो. सध्या मार्गशीर्ष असल्यामुळे तेथे शांतता आहे. तरीही मढीचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते, कारण वर्षभर विखुरलेले पशुपालक एकत्र येऊन जनावरांची पारख, अदलाबदल आणि खरेदी-विक्री करतात ती अशाच यात्रांत. देशी जाती कागदावर नोंदल्या न जाताही टिकल्या, त्यामागे यात्रांचे हे जाळे होते.

पत्र दुसरे: माळेगाव

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

माळेगाव हे लोहा तालुक्यातील गाव नांदेड–लातूर रस्त्यावर असून, मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या अखेरीस खंडोबाच्या पालखीने, म्हणजे देवस्वारीने, येथील यात्रेचा आरंभ होतो. घोडे, उंट, गाढवे, तसेच लाल कंधारी आणि देवणी या परिसरातील प्रसिद्ध गोवंशांची जनावरे येथे येतात, आणि जिल्हा परिषदेच्या वतीने अश्व, श्वान व कुक्कुट यांचे प्रदर्शन भरविले जाते. श्वान प्रदर्शनासाठी याहून योग्य क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच असेल. खंडोबाच्या पाटावर आणि टाकावर घोड्याच्या जोडीने कुत्रा कोरलेला असतो, आणि देवाला वाहिलेला वाघ्या स्वतःला देवाचे कुत्रे मानतो. कोटंबा नावाच्या भिक्षापात्रातून कुत्र्याप्रमाणे अन्न ग्रहण करण्याचा वाघ्यांचा विधी याच भावनेतून आलेला आहे. पारनेर तालुक्यातील कोरठण खंडोबाच्या यात्रेला जाणाऱ्या घराला हे नव्याने सांगावयास नको.

स्पर्धात्मक श्वान प्रदर्शनाची आधुनिक पद्धत इंग्लंडमधील आहे. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे भरलेल्या प्रदर्शनात केवळ पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचे कुत्रे होते. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि त्यानंतर प्रत्येक जातीचे लेखी प्रमाण, म्हणजे आदर्श कुत्र्याच्या उंची, बांधा, दात, केस आणि चाल यांचे वर्णन, निश्चित होत गेले. रिंगणातील परीक्षक दोन कुत्र्यांची परस्परांशी नव्हे, तर प्रत्येकाची त्याच्या जातीच्या प्रमाणाशी तुलना करतो, हे या पद्धतीचे मर्म होय.

माळेगावच्या रिंगणात शहरांतून आणलेले जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर आणि डॉबरमन यांच्याभोवती गर्दी अधिक होती, हे खरे. परंतु जाणकारांची नजर कारवानवर होती. कारवान हा दृष्टीच्या बळावर शिकार करणारा कुत्रा आहे: वासाचा माग काढण्याऐवजी तो सावज डोळ्यांनी टिपतो आणि वेगाने गाठतो. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि किंचित कमानदार कंबर ही त्याची लक्षणे शोभेची नाहीत. छातीच्या खोलीमुळे फुप्फुसांना आणि हृदयाला जागा मिळते, आणि कंबरेच्या लवचिकपणामुळे धावेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा, एकदा शरीर आखडलेले असताना व एकदा पूर्ण ताणलेले असताना, चारही पाय जमिनीपासून सुटतात. पश्मी हा याच घडणीचा असून त्याच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमी लांब केस असतात.

सोबतच्या मित्राने मात्र सर्वप्रथम पंजांचे तळवे तपासले, आणि त्यामागील कारण ग्राह्य आहे. मुरमाड, काटेरी माळावर ज्याचे तळवे टिकत नाहीत, तो कुत्रा कितीही देखणा असला तरी दख्खनचा म्हणता येत नाही. वेगाच्या आणि रुबाबाच्या हव्यासापायी कारवानचा ग्रेहाउंडशी संकर करण्याची जी प्रवृत्ती आहे, तिचा धोका नेमका येथे आहे: संकरित पिल्लू सपाट मैदानात अधिक वेगवान ठरते, पण ऊन, खडक आणि तुटपुंजे अन्न सहन करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई त्यात विरघळून जाते. उभ्या कुत्र्याचे मोजमाप घेणारे प्रदर्शन ही हानी ओळखू शकत नाही. म्हणूनच, पत्रलेखकाच्या मते, देशी शिकारी कुत्र्यांना क्रमांक देताना त्यांची धाव आणि दमसास यांची परीक्षा घेणे अनिवार्य केले पाहिजे.

ही परीक्षा जिवंत सावजावर होऊ नये, हेही तितक्याच ठामपणे नमूद करावयास हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशापासून काळविटापर्यंत सर्वांची शिकार निषिद्ध केली आहे, आणि कर्जत तालुक्यात १९८० मध्ये घोषित झालेल्या रेहेकुरी अभयारण्यामुळे आपल्याच जिल्ह्यातील माळावर आज काळविटांचे कळप दिसतात. कापडी आमिष दोरीवर ओढून घेतलेली शर्यत पुरेशी आहे.

पत्र तिसरे: नांदेड

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

कारवानच्या नोंदणीसंबंधी आपण विचारले होते. सीमेपलीकडील मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने या कुत्र्यांना आश्रय दिला आणि मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली, तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांतही मुधोळचा समावेश होता. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुविज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे, आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने, म्हणजे पशुधनाच्या जातींची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, मुधोळ हाउंडला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र याच कुत्र्याची नोंद ‘कारवान हाउंड’ या नावाने करतो.

मराठवाड्यातील पालकांपाशी वंशावळीचे कागद सहसा नसतात. ‘हिची आई कोणाच्या वाड्यावरची’ एवढे तोंडी सांगता येते, आणि ते बहुधा अचूकही असते. ही तोंडी माहिती सांगणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने संगमनेरी शेळी आणि दख्खनी मेंढी यांबाबत कळपांपर्यंत जाऊन दीर्घकाळ काम केले आहे. तीच रीत कुत्र्यांसाठी स्वीकारता येईल, आणि माळेगावसारख्या यात्रेत एकाच मैदानावर जमलेल्या पालकांकडून मोजमाप, छायाचित्र व वंशाची माहिती घेण्यापासून तिचा आरंभ करणे सर्वांत सोपे आहे.

मित्राने मेंढवाड्यासाठी राखणीचे पिल्लू शोधले, पण येथे मनाजोगते मिळाले नाही. कारवान घेण्याचा मोह त्याने कटाक्षाने टाळला, कारण धावण्यासाठी घडलेला कुत्रा दावणीला बांधून ठेवणे त्यास योग्य वाटत नाही. परतीच्या वाटेवर राहुरीस थांबून विद्यापीठात चौकशी करण्याचे ठरले आहे, त्यामुळे घरी पोहोचण्यास एक दिवस विलंब होईल. आईस नमस्कार सांगावा. कळावे.